दोन कपाटे, दोन चाव्या: कुटुंब न्यायालयातील मध्यस्थी व ताबा-भेट विभागाची जबाबदारी प्रथमच घेणाऱ्यांसाठी

कुटुंब न्यायालयातील समुपदेशन विभागाची सूत्रे हाती आली की पहिल्या दिवशी टेबलावर साधारणपणे तीन गोष्टी ठेवलेल्या आढळतात: न्यायाधीशांकडे द्यावयाच्या प्रलंबित अहवालांची यादी, मुलांच्या भेटींचे रजिस्टर आणि चाव्यांचा जुडगा. नवा प्रमुख बहुधा यादीला हात घालतो, कारण तिच्यात तारखा असतात आणि तारखा अंगावर येतात. या कामात बरीच वर्षे काढल्यानंतर माझा सल्ला वेगळा आहे. आधी चाव्या पाहाव्यात. कोणते कपाट कोण उघडू शकते, त्यात कोणाची टिपणे आहेत, आणि न्यायालयापुढे जाणारा कागद व कधीही न जाणारा कागद एकाच फायलीत तर लावलेला नाही ना, हे तपासल्याशिवाय पुढचे कोणतेही काम नीट उभे राहत नाही.

हा लेख महाराष्ट्रातील कुटुंब न्यायालयांची व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. वाचणाऱ्याने समुपदेशक किंवा समाजकार्यकर्ता म्हणून काही वर्षे काम केले आहे, मात्र इतरांच्या कामाची जबाबदारी प्रथमच त्याच्याकडे आली आहे, असे मी गृहीत धरले आहे.

पहिला आठवडा: कायदा आणि कपाटे

कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ मध्ये संमत झाला आणि महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे ही न्यायालये सुरू झाली. आपल्या विभागाचे अस्तित्व या अधिनियमाच्या कलम ६ मधून येते, ज्यात समुपदेशकांची नेमणूक सांगितली आहे. वैद्यकीय व कुटुंबकल्याणाच्या जाणकारांची मदत घेण्याची सोय कलम १२ मध्ये आहे, तर कोणत्याही एका पक्षकाराने इच्छा व्यक्त केल्यास सुनावणी बंद दाराआड घेण्याची तरतूद कलम ११ मध्ये आहे. ही कलमे एकदा वाचली तरी पुरतात. कलम ९ मात्र टीमसोबत बसून मोठ्याने वाचावे. त्यात न्यायालयाने तडजोडीचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे, परंतु तो प्रकरणाच्या स्वरूपाशी आणि परिस्थितीशी सुसंगत असेल तिथेच. तडजोड म्हणजे संसार पुन्हा जुळणे, असा अर्थ त्या कलमातून निघत नाही. दोघांनी सन्मानाने वेगळे होणे, पोटगीचा आकडा ठरणे, मुलाच्या सुट्ट्या वाटून घेणे, ही सगळी तडजोडच आहे. ‘जोडपी जुळवणारा विभाग’ अशी आपली ओळख बाहेर असते आणि नातेवाईक त्याच आशेने जिन्यात उभे असतात. ती ओळख टीमच्या डोक्यात शिरू देऊ नये.

मुंबई उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये केलेल्या नियमांत समुपदेशकाच्या कामाच्या दोन बाजू आहेत आणि आपल्या सगळ्या अडचणींचे मूळ या दोन बाजूंच्या सांध्यात आहे. एका बाजूला, पक्षकारांनी समुपदेशकाला सांगितलेले सर्व गोपनीय असते, समुपदेशकाला साक्षीला बोलावता येत नाही आणि दोघांच्या संमतीशिवाय त्याची टिपणे न्यायालयापुढे मागता येत नाहीत. दुसऱ्या बाजूला, मुलाच्या ताब्याचा प्रश्न असेल तेव्हा घरातील वातावरण, आई-वडिलांची व्यक्तिमत्त्वे आणि मुलाशी असलेले त्यांचे नाते यांविषयी न्यायालय समुपदेशकाकडून अहवाल मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मधील एका निकालात हाच भेद स्पष्ट केला. मध्यस्थीत झालेले बोलणे झाकलेले राहते; मुलाशी बोलून समुपदेशकाने न्यायालयाला दिलेल्या अहवालाला मात्र गोपनीयतेचे तेच कवच मिळत नाही, कारण तिथे न्यायालय मुलाचे पालक या नात्याने निर्णय घेत असते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ज्याच्या कानात नवरा-बायकोने विश्वासाने काही सांगितले, त्याच व्यक्तीने पुढे ताब्याचा अहवाल लिहू नये. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकले. मनुष्यबळ कमी आहे या सबबीवर मी एका समुपदेशिकेला दोन्ही कामे दिली होती. विभक्त झाल्यानंतरच्या काही महिन्यांत आपल्याला झोपेच्या गोळ्या लागत होत्या, असे त्या आईने मध्यस्थीत सांगितले होते. सहा आठवड्यांनी ताब्याचा अहवाल आला, त्यात गोळ्यांचा उल्लेख नव्हता, पण ‘आईची मानसिक स्थिती काहीशी नाजूक वाटते’ असे एक वाक्य होते. हे कशावरून, असे आईच्या वकिलांनी विचारले तेव्हा समुपदेशिकेजवळ सांगण्यासारखे उत्तर नव्हते. तिने बेइमानी केली नव्हती. ऐकलेले न ऐकल्यासारखे करणे माणसाला जमत नाही, इतकेच. ती आई त्यानंतर विभागातील कोणाशीही मोकळेपणाने बोलली नाही. वाटप माझे होते, त्यामुळे चूकही माझीच.

तेव्हापासून मी दोन कपाटे ठेवली. एकात मध्यस्थीची टिपणे, ज्यांची चावी त्या त्या मध्यस्थाकडे आणि दुसरी मोहोरबंद पाकिटात प्रमुखाकडे. दुसऱ्यात ताबा व भेटींच्या फायली, ज्या न्यायालयाच्या आदेशानुसार कोणत्याही दिवशी मागवल्या जाऊ शकतात असे समजूनच लिहायच्या. विभाग लहान असेल आणि माणसे तीनच असतील, तरी ही विभागणी पाळता येते. एका प्रकरणात जो मध्यस्थ, तो दुसऱ्या प्रकरणात अहवाल लिहितो, इतकी अदलाबदल पुरेशी असते. संगणकावरही फोल्डर वेगळे आणि पासवर्ड वेगळे असावेत, कारण हल्ली गळती कपाटातून कमी आणि सामायिक संगणकातून अधिक होते.

टीममध्ये कोण काय करतो

आपल्याकडे सामान्यतः तीन प्रकारची माणसे येतात: शासनाने नेमलेले विवाह समुपदेशक, मध्यस्थी केंद्राच्या यादीवरील प्रशिक्षित मध्यस्थ, ज्यांत बहुधा वकील किंवा निवृत्त न्यायिक अधिकारी असतात आणि ज्यांनी चाळीस तासांचे मूळ प्रशिक्षण पूर्ण केलेले असते, आणि बालकांच्या भेटीच्या खोलीत मदत करणारे सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते किंवा समाजकार्याचे प्रशिक्षणार्थी विद्यार्थी. या तिघांची कामाची भाषा वेगळी असते. वकील-मध्यस्थ आकड्यांकडे लवकर वळतात, समाजकार्यकर्ते कहाणीत रमतात आणि विद्यार्थी मुलांवर जीव लावून घरी जाऊन रडतात. प्रत्येकाने काय करू नये हे लेखी द्यावे. काय करावे हे प्रत्येकाला थोडेफार माहीत असतेच. मध्यस्थाने निकालाचा अंदाज सांगू नये. समुपदेशकाने कोणाच्याही वकिलाला फोनवर प्रकरणाची माहिती देऊ नये. विद्यार्थ्याने मुलाला स्वतःचा मोबाइल क्रमांक देऊ नये. शिपाई आणि बेलिफ (न्यायालयाच्या नोटिसा बजावणारे कर्मचारी) यांनाही हे समजावण्याच्या बैठकीला बोलवावे, कारण बाकावर बसलेल्या पक्षकारांशी दिवसभर तेच बोलत असतात आणि ‘या साहेबांकडे गेलं की मूल आईलाच मिळतं’ असे त्यांच्या तोंडून सहज गेलेले एक वाक्य तुमच्या महिनाभराच्या कामावर पाणी फिरवते.

वाटप आणि पहिली भेट

न्यायालयाच्या बोर्डावरून, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीतून, प्रकरण आपल्याकडे वळवले गेले की त्याच दिवशी, शक्यतो पक्षकार आवारात असतानाच, पहिल्या भेटीची तारीख द्यावी. वैवाहिक वाद लवकरात लवकर मध्यस्थीकडे पाठवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले आहे. पण प्रकरण वळवल्यापासून पहिली भेट होईपर्यंत दोन महिने गेले तर त्या सूचनेला अर्थ उरत नाही. या काळात दोन्ही बाजूंची शपथपत्रे दाखल होतात, त्यांत एकमेकांविषयी जे लिहिले जाते ते दोघेही वाचतात, आणि नंतर आपण त्यांना समोरासमोर बसवतो.

पहिली भेट नेहमी स्वतंत्र घ्यावी. एकेकाला एकटे बसवून, सोबत आलेल्या भावाला किंवा सासऱ्यांना बाहेर थांबवून, मारहाण, धमकी, पैशाची कोंडी, पाठलाग यांविषयी ठरावीक प्रश्न विचारावेत आणि ते दोघांनाही विचारावेत. उत्तर होकारार्थी आले तर संयुक्त बैठक आपोआप ठरत नाही. दोघांना वेगवेगळ्या वेळी बोलावणे, वेगळ्या खोल्यांत बसवून मध्यस्थाने ये-जा करणे किंवा हे प्रकरण मध्यस्थीयोग्य नाही असे न्यायालयाला कळवणे, यांपैकी काय करायचे हे प्रमुखाने ठरवायचे असते. न्यायालयाला कळवताना ‘मध्यस्थी शक्य झाली नाही’ एवढेच लिहावे. कारण लिहिले की गोपनीयता मोडते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील संरक्षण अधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांचे संपर्क प्रत्येक टेबलावर असावेत. महिलेला आणि बालकाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नसते, ही गोष्ट अनेक पक्षकारांना आपल्याकडूनच प्रथम कळते.

खोलीची मांडणी किरकोळ वाटते, तशी ती नाही. दोन दारे असलेली खोली असेल तर उत्तम. एकच असेल तर अधिक घाबरलेल्या व्यक्तीची खुर्ची दाराजवळ ठेवावी. टेबलावर जड पेपरवेट ठेवू नये. भाषेचीही चौकशी आधीच करावी: पुण्या-मुंबईत अर्जदार मराठी बोलणारी आणि सामनेवाला फक्त हिंदी किंवा कन्नड बोलणारा असे अनेकदा घडते, आणि दुभाषा म्हणून सासरचाच कोणी पुढे सरसावतो. त्याला बसवू नये.

तडजोडीचा मसुदा

बैठका कशा घ्याव्यात हे मध्यस्थांना प्रशिक्षणात शिकवलेले असते, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही. प्रमुखाने स्वतः वाचावा असा कागद एकच, तो म्हणजे सहमतीच्या अटींचा मसुदा. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम आदेशावर, कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ नुसार अपील होत नाही, त्यामुळे ढिसाळ वाक्याची किंमत पक्षकार वर्षानुवर्षे मोजत राहतात.

‘वडिलांना योग्य वेळी मुलाला भेटता येईल’ हे वाक्य मी शेकडो मसुद्यांत वाचले आहे. ‘योग्य’ म्हणजे काय हे ठरवण्यासाठी ते दोघे पुन्हा आपल्याच जिन्यात येतात. त्याऐवजी दिवस, वेळ, ठिकाण आणि नेणारी व्यक्ती लिहावी: महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी ११ ते सायंकाळी ५, आईच्या इमारतीच्या फाटकापाशी, वडील स्वतः किंवा आजोबा. मूल आजारी असेल तर कोणी कोणाला किती वाजेपर्यंत कळवायचे आणि हुकलेली भेट भरून काढायची की नाही, हेही लिहावे.

सणांच्या बाबतीत एक गोष्ट मी नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगते: सण तिथीने लिहावा. ‘२० ऑक्टोबर ते २४ ऑक्टोबर मूल वडिलांकडे राहील’ असे लिहिले की त्या वर्षी सगळे सुरळीत होते आणि पुढच्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात जाताच दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल होते. लक्ष्मीपूजन एका वर्षी आईकडे आणि पाडवा वडिलांकडे, पुढच्या वर्षी उलट, अशी मांडणी टिकते. भाऊबीजेला मुलाची चुलत आणि मावस भावंडे कोणाच्या घरी जमतात हे विचारून घ्यावे. वडिलांच्या घरी दीड दिवसाचा गणपती आहे की पाच दिवसांचा, याला मसुद्यात स्थान आहे. ईद, नाताळ, १४ एप्रिल, ज्याच्या घरी जे महत्त्वाचे ते लिहावे. उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी वाटताना शाळा उघडण्याआधीचा आठवडा ज्या घरून मूल शाळेत जाते त्या घरी असावा. आणि आई-वडिलांपैकी एक नागपुरात व दुसरा पुण्यात असेल तर विदर्भातील शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात हेही ध्यानात घ्यावे, नाहीतर ‘निम्मी सुट्टी’ मोजताना भांडण होते.

व्हिडिओ कॉलची अट हल्ली जवळजवळ प्रत्येक मसुद्यात असते. दूर राहणाऱ्या पालकाला फोन व व्हिडिओ कॉलद्वारे मुलाशी संपर्क ठेवण्याचा हक्क मिळायला हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. कोणत्या वारी, किती वाजता, किती मिनिटे, कोणाच्या फोनवरून आणि ध्वनिमुद्रण न करण्याची हमी, ही पाच अंगे लिहिली की पुरे. एक पालक दुबईत किंवा अमेरिकेत नोकरी करत असेल तर पासपोर्ट कोणाकडे राहील आणि परदेश प्रवासासाठी लेखी संमती किती दिवस आधी द्यायची हे लिहावेच लागते, कारण मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही आणि मूल एकदा सीमेपार गेले की परत आणण्याचा मार्ग लांब पडतो. अशा प्रकरणात तिकडच्या न्यायालयातूनही तसाच आदेश घेण्याविषयी वकिलांशी बोलण्यास पक्षकारांना सुचवावे.

परस्परसंमतीच्या घटस्फोटात हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मधील सहा महिन्यांचा कालावधी न्यायालय योग्य प्रकरणात शिथिल करू शकते, असे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवल्यापासून ‘म्युच्युअल’ची घाई वाढली आहे. घाई पक्षकारांची असू शकते, आपली नसावी. मसुदा दोघांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा, एक रात्र घरी नेऊ द्यावा आणि मगच सही घ्यावी. पैशाची देवघेव मुलाच्या भेटीशी बांधलेली दिसली, म्हणजे पोटगी थकली तर भेट बंद अशी अट असली, तर मसुदा परत पाठवावा. मुलाने हप्त्याची पावती होऊ नये.

ताब्याचा अहवाल

पालकत्व व पाल्य कायदा १८९० चा आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे, ही तरतूद १९५६ च्या कायद्यातली, आणि मुलाचे हित सर्वांत महत्त्वाचे, हेही त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची संकल्पना कायद्यात आणण्याची शिफारस केली. अहवाल लिहिणाऱ्याला हे माहीत असावे, परंतु अहवालात त्याने कायदा लिहू नये. निकाल न्यायाधीशांचा आहे; आपण त्यांचे डोळे आणि कान आहोत, तेही मर्यादित वेळेपुरते.

नव्या समुपदेशकाच्या अहवालात मला हटकून सापडणारे वाक्य म्हणजे ‘मूल वडिलांना घाबरते.’ हे मत झाले. मी ते खोडून विचारते, काय दिसले? मग उत्तर येते: वडील खोलीत येताच मुलीने आईच्या ओढणीचे टोक धरले, साधारण चार मिनिटांनी सोडले, त्यानंतर वडिलांनी आणलेल्या चित्रकलेच्या वहीत तिने हत्ती काढला आणि शेपूट वडिलांना काढायला सांगितली. हे वाचल्यावर ‘घाबरते’ हा शब्द कुठे राहतो? न्यायाधीशांपुढे हत्ती ठेवावा; भीती आहे की नाही ते त्यांना ठरवू द्यावे. आपले मत द्यायचेच असेल तर शेवटी, वेगळ्या परिच्छेदात, मत म्हणून.

‘तुला कोणाकडे राहायचं आहे?’ हा प्रश्न मुलाला विचारू नये. मोठ्या मुलाची इच्छा न्यायाधीश आपल्या दालनात स्वतः जाणून घेऊ शकतात. आपण दिवस विचारावा. सकाळी कोण उठवते, वेणी कोण घालते, डब्यात काय होते, शाळेच्या वहीवर सही कोणाची असते, पडल्यावर हाक कोणाला मारली. या उत्तरांतून घर उभे राहते. मूल ज्या बोलीत बोलले त्याच बोलीत त्याचे शब्द नोंदवावेत. वऱ्हाडी किंवा मालवणी वाक्याचे प्रमाण मराठीत रूपांतर केले की ते शब्द पढवलेले वाटू लागतात. खरोखर पढवलेले शब्दही ओळखू येतात. सात वर्षांचा मुलगा ‘माझे वडील बेजबाबदार आहेत’ म्हणाला तर ते तसेच लिहावे आणि पुढे, ‘बेजबाबदार म्हणजे काय असे विचारता मुलगा गप्प राहिला’ हेही लिहावे.

गृहभेट नेहमी दोघांनी करावी, दोन्ही घरांना द्यावी आणि शक्यतो दिवसाच्या सारख्या वेळी द्यावी. एका घरी सकाळच्या घाईत आणि दुसऱ्या घरी रविवारच्या दुपारी गेल्यास तुलना आधीच बिघडलेली असते. नियमांनुसार समुपदेशकाला नातेवाईक व परिचितांशी बोलता येते, पण शेजाऱ्यांना काय सांगून बोलायचे हे आधी ठरवावे, कारण चाळीत ‘कोर्टाचे लोक आले’ ही बातमी आपण जिना उतरायच्या आत पोचते. घरात मूल कुठे झोपते, अभ्यास कुठे करते, त्याची औषधे कुठे आहेत हे पाहावे. सोफा पाहू नये. एका खोलीच्या घरात दोरीवर गणवेश वाळत असतो आणि कोपऱ्यात दप्तर जागच्या जागी असते, तर तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मुलाच्या पलंगावर इस्त्रीचे कपडे रचलेले असतात. गरिबी म्हणजे अपात्रता नाही, आणि टीममधील कोणाच्या अहवालात ती तशी डोकावली तर तो अहवाल प्रमुखाने सही न करता परत द्यावा.

भेटीची खोली

न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या भेटीची खोली हा विभागाचा सर्वांत अवघड कोपरा असतो. तिथे आपल्या हाती कागद नसतो, एक मूल असते आणि तासाभराची वेळ असते.

मूल ज्याच्याकडे राहते त्या पालकाला पंधरा मिनिटे आधी बोलवावे आणि मुलाला खोलीत रमू द्यावे. दुसऱ्या पालकाने दुसऱ्या बाजूने यावे. जिन्यात दोघांची गाठ पडली की भेटीचा पहिला अर्धा तास मुलाच्या रडण्यात जातो. रजिस्टरमध्ये आल्याची व गेल्याची वेळ, सोबत कोण होते, काय खाऊ आणला, काय भेटवस्तू दिली आणि काय घडले याची नोंद कार्यकर्त्याने त्याच दिवशी, त्याच जागी करावी. चित्रीकरण बंद. दाव्याविषयी मुलाला प्रश्न नाहीत. मुलाच्या हाती चिठ्ठी किंवा निरोप नाही. खाऊ आणण्यापूर्वी ॲलर्जी विचारून घ्यावी, कारण शेंगदाण्याच्या चिक्कीवरून पोलीस ठाण्यापर्यंत गेलेली भेट मी पाहिली आहे.

एका शनिवारी सहा वर्षांचा एक मुलगा शाळेचे दप्तर पाठीवरून न काढताच खुर्चीवर बसला होता. पाच महिन्यांनी भेटणाऱ्या वडिलांनी रिमोटची मोटार आणली होती. मुलाने खोके पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘सेल आहेत?’ सेल नव्हते. वडिलांचा चेहरा असा पडला की दाराशी बसलेले शिपाईमामा काही न बोलता उठले, भिंतीवरचे घड्याळ उतरवले आणि त्यातला सेल काढून दिला. रिमोटला दोन लागत होते, तर दुसरा त्यांनी स्वतःच्या विजेरीतून काढला. मोटारीचे सेल शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून आले. दप्तर मुलाने केव्हा काढले ते कोणाच्या लक्षात आले नाही. घड्याळ बंद असल्याने भेट दहा मिनिटे लांबली, आईने बाहेरून दार ठोठावले आणि तिची तक्रार रास्त होती. कारणाच्या रकान्यात मी खरे कारण लिहिले. तेव्हापासून खोलीच्या कपाटात सेलचे पाकीट असते आणि मनगटावर घड्याळ असल्याशिवाय कार्यकर्ता भेटीला बसत नाही.

मुलाने भेटायला नकार दिला तर त्याला ओढत आत नेऊ नये. वीस-पंचवीस मिनिटे थांबावे, मुलाला आवडणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करावी, दुसऱ्या पालकाने दूर बसून नुसते दिसावे, इतपत प्रयत्न करावेत. जमले नाही तर जे घडले ते नोंदवून न्यायालयाला कळवावे. सलग दोनदा नकार आल्यास प्रमुखाने ती फाइल स्वतः वाचावी, कारण नकाराची कारणे अनेक असतात: पालकाचा धाक असतो, घरून मिळालेली शिकवण असते, आणि कधी फक्त शनिवारची क्रिकेटची प्रॅक्टिस बुडत असते. पालकच न येणे हेही तितकेच महत्त्वाचे. खिडकीशी उभे राहून अर्धा तास वाट पाहिलेल्या मुलाची नोंद मिनिटांसह व्हायला हवी.

बोलता बोलता मुलाने लैंगिक अत्याचाराकडे निर्देश करणारे काही सांगितले, तर गोपनीयतेचा प्रश्न तिथेच संपतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नये, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, प्रमुखाला त्याच तासात सांगावे आणि प्रमुखाने न्यायाधीशांना त्याच दिवशी कळवावे. ताब्याच्या वादात खोटे आरोपही होतात. तरी खरे-खोटे पारखण्याचे काम आपले नाही. १०९८ हा बालकांच्या मदतवाहिनीचा क्रमांक भेटीच्या खोलीत मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावावा.

माणसे टिकवणे आणि आकडे पाठवणे

आठवड्यातून एक तास बैठक घ्यावी आणि त्यात प्रगतीचा आढावा घेऊ नये. कोणते प्रकरण कोणाला रात्री आठवते, एवढेच विचारावे. ज्याने सकाळी अवघड गृहभेट केली आहे त्याला दुपारी भेटीच्या खोलीत बसवू नये. एखाद्या प्रकरणातील पक्षकार कार्यकर्त्याच्या ओळखीचा, गल्लीतला किंवा नात्यातला निघाला तर त्याने ते त्याच दिवशी सांगावे आणि फाइल बदलावी, यात कमीपणा नाही.

मासिक विवरणपत्रात ‘तडजोडी किती’ हा रकाना असतो आणि त्यावरूनच विभागाचे कौतुक किंवा कानउघाडणी होते. तो रकाना भरावा, पण स्वतःच्या वहीत आणखी दोन आकडे ठेवावेत: प्रकरण आल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत किती दिवस लागले, आणि तडजोड झालेल्यांपैकी किती जण वर्षभरात दरखास्त घेऊन परत आले. दुसरा आकडा वाढत असेल तर मध्यस्थ दटावून सह्या घेत आहेत किंवा मसुदे ढिले आहेत, यांपैकी एक निश्चित. मी दोन्ही पाहिले आहे.

ताब्याचा आदेश झाला म्हणून फाइल बंद होत नाही. न्यायालयाने सांगितल्यास मूल ज्याच्याकडे आहे तिथे अचानक भेट देण्याचा अधिकार नियमांनी समुपदेशकाला दिला आहे. तो वापरताना जेवणाची आणि परीक्षेच्या आदल्या दिवसाची वेळ टाळावी. आवारातील देखरेखीखालच्या भेटी कायम चालू ठेवण्यासाठी नसतात. चार-सहा भेटी शांतपणे पार पडल्या की त्या जवळच्या बागेत, मग आजीच्या घरी आणि मग मुक्कामी व्हाव्यात, अशी शिफारस नोंदींच्या आधारे न्यायालयापुढे ठेवावी आणि आदेश मिळाल्यावर मुलाला ते त्याच्या शब्दांत सांगावे. आवारातील शेवटच्या शनिवारी त्याने भिंतीवर चिकटवलेली चित्रे काढून त्याच्या हाती द्यावीत, रजिस्टरमधील त्याच्या पानावर तारीख घालून रेघ ओढावी आणि ती वेळ यादीत थांबलेल्या पुढच्या मुलाला द्यावी.